व्हिएतनामची रंगीत तालीम, व्हाया धुळे

व्हिएतनाम स्वस्त आहे, हे मी आबांना दिवाळीपासून सांगत होते. चहा पिताना, ते मोटार चालू करायला निघताना, बातम्या लागल्या की. दोन महिने, पाठीवर एक सॅक, खालच्या हो ची मिन्ह शहरापासून वर हनोईपर्यंत, रोजचे पंधराशे रुपये. विमान आणि व्हिसा वेगळा. पैसे माझे, मी साठवलेले. पुण्याच्या ज्या कंपनीचं काम मी असोद्यात घरी बसून करते, तिने बिनपगारी रजासुद्धा मंजूर केली होती. आबांनी 'हो' म्हणायचं तेवढं बाकी होतं आणि आबा म्हणत होते, "बरं." आमच्या घरात 'बरं' म्हणजे नाही.

मी चौतीस वर्षांची आहे. परवानगी मागायचं हे वय नव्हे, हे मलाही कळतं. पण आई जाऊन तीन वर्षं झाली, घरात आम्ही बापलेक दोघंच, आणि मी पुण्याची खोली सोडून परत आले ती आबा एकटे पडू नयेत म्हणूनच. आबांचं ठीक आहे, त्यांना केळी आहे, कपाशी आहे. मी मात्र तीन वर्षं खिडकीत लॅपटॉप ठेवून जळगावकडे जाणाऱ्या मोटारसायकली बघत बसले होते. बसले होते हेही खोटंच, दर अर्ध्या तासाला उठून अंगणात चक्कर मारायचे. व्हिसा, विमान, व्हिएतनामची थंडी, ह्यातल्या कशाचीच मला काळजी नव्हती. मी गेले तर हा म्हातारा माणूस वेळेवर जेवेल का, एवढा एकच प्रश्न खरा होता.

एका संध्याकाळी भरीत-भाकरी खाताना मी पुन्हा सुरू केलं. आबांनी हातातला कांदा खाली ठेवला.

"तिकडचं मले नको सांगू. इकडं राहून दाखव. दहा दिवस. कोनाकडं उतरायचं नी. ठरलेल्या पैशात भागलं, तर मी एक शब्द बोलनार नी."

"आणि नाही भागलं तर?"

"तर पुढच्या वर्षी बघू."

मी पैज घेतली. आपल्याकडे लॉज आणि जेवण तिकडच्यापेक्षा स्वस्त, म्हणून मीच रोजचे सातशे धरले. राहणं, खाणं, फिरणं सगळं त्यात. कंपनीत दहा दिवसांची सुट्टी टाकली, आबांच्या दोन वेळच्या डब्याचं शेजारच्या अक्कांना सांगितलं आणि जानेवारीतल्या एका थंडगार सकाळी असोद्याच्या स्टॉपवर सॅक घेऊन उभी राहिले. गाव सगळं बघत होतं. "ताई, पुन्याले का?" एकाने विचारलं. "धुळ्याला," म्हटलं. "एवढी मोठी बॅग घेऊन?" त्याला वाटलं असणार, पोरगी घर सोडून चालली.

जळगावहून भडगावची एसटी पकडली. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे पहिल्याच दिवशी मी खुशीत. खिडकीची जागा, बाहेर केळीचे हिरवे पट्टे संपून कपाशीची काळी रानं, आणि अंगात ती जुनी खाज, पुढचं गाव कधी येतं ही. भडगावला उतरले तेव्हा दुपार होती. गिरणेच्या पुलावर जाऊन नदी बघून आले. पाणी एका कडेनेच होतं, बाकी वाळू. मग लॉज शोधला. काउंटरवरच्या माणसाने आधार कार्ड बघितलं, मला बघितलं, माझ्या मागे कोणी आहे का ते बघितलं.

"सोबत कोन शे?"

"कोणी नाही."

"मालकले इचारनं पडी. संध्याकाळी या."

एकट्या फिरणाऱ्या बायांनो, हे लिहून ठेवा. तालुक्याच्या गावात पोहोचण्याआधी फोन करून खोली पक्की करा. मी केली नव्हती. संध्याकाळपर्यंत वेळ काढायला एका छोट्या खाणावळीत बसले. ती चालवणाऱ्या सुमनबाई, साठीच्या, तव्यावर भाकरी टाकता टाकता माझी चौकशी करायला लागल्या.

"कोठली शे तू, बेटी?"

असोद्याची म्हटलं आणि तिथेच माझी वाट लागली. त्यांची मावसबहीण असोद्याला दिलेली. तिचं घर आमच्या शेताच्या वाटेवर. तिच्या सुनेला मी ओळखते. अहो, तीन वाक्यांत नातं तयार! सुमनबाईंनी भाकरी उलटायची सोडून कमरेवर हात ठेवले.

"मंग लॉजमा कसाले राहस? आमनं घर काय पडी गयं का?"

मी पैज सांगितली, सातशे रुपये सांगितले, कोणाकडे उतरायचं नाही हे सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सॅक उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. रात्री शेवभाजी, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा. पैसे विचारले तर त्यांचा चेहराच बदलला, म्हणून पुन्हा विचारलं नाही. सकाळी कुंकू लावलं, हातात नारळ दिला, एक ड्रेसपीस दिला, वाळवलेल्या बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, ही भली मोठी पिशवी दिली आणि वर मुठीत शंभराची नोट कोंबली. "नको नको" म्हणत मी बस स्टँडपर्यंत मागे मागे सरकत गेले म्हणा ना.

बसमध्ये बसल्यावर माझं डोकं फिरलं. जगात कुठे असं होतं? बजेट ट्रिपच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे घरून निघाले त्याच्यापेक्षा जास्त पैसे, आणि सॅक दोन किलोने जड! आबांनी ऐकलं असतं तर पोट धरून हसले असते. ही तालीम नव्हे, हे माहेरपण झालं. हनोईत कोण विचारणार आहे मला, कोठली शे तू म्हणून? ठरवलं, आता जिथे कोणी ओळखत नाही तिथेच राहायचं आणि गाव विचारलं तर सरळ पुणे सांगायचं. शंभराची नोट वेगळ्या कप्प्यात ठेवली आणि धुळ्यात उतरले.

धुळं मला आवडतं. जुन्या भागातले रस्ते सरळ, एका टोकाला उभं राहिलं की दुसरं टोक दिसतं. स्टँडपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर साडेचारशे रुपयांत खोली मिळाली. स्वच्छ चादर, सकाळी बादलीभर गरम पाणी, खाली रिक्षांचा आवाज मोफत. पुण्याची म्हटल्यावर मॅनेजरने काहीच विचारलं नाही, फक्त म्हणाला, "पुण्यात पाऊस पडतो का हो थंडीत?" पोह्यांचा नाश्ता, दुपारी शेवभाजीची थाळी, रात्री नुसती फौजदारी डाळ आणि भाकरी, म्हणजे लसूण-मिरचीची झणझणीत डाळ. दोनशेत आरामात भागतं. तिखट सोसत नसेल तर आधी सांगा. सांगूनही तिखटच येतं, पण सांगा.

म्हणजे राहणं आणि खाणं मिळून साडेसहाशे. रोजचे पन्नास हातात उरले, वर भडगावचे वाचलेले, आणि माझे पाय वळवळायला लागले.

पहिल्या दिवशी लळिंगचा किल्ला. हायवेला उतरायचं आणि सरळ वर चढायचं. अर्ध्या वाटेत धाप लागते. वरून धुळं, हायवेवरचे ट्रक आणि उघडे डोंगर दिसतात. वारा असा की ओढणी हातात धरून उभं राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी सोनगीर, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. बाजारात शिरलं की हातोड्यांचा आवाज कानात बसतो. एक छोटी पितळी वाटी घेतली नाही, घेतली असती तर बजेट गेलं असतं. तिसऱ्या दिवशी शिरपूर. का? माहीत नाही. स्टँडवर उभी होते, बस लागली, पाटी वाचली, बसले. चौथ्या दिवशी पुन्हा सोनगीर, कारण वाटी डोक्यातून जात नव्हती. तरीही घेतली नाही.

कंडक्टर परवाचाच निघाला. तिकीट फाडता फाडता त्याने माझ्याकडे बघितलं.

"ताई, सोनगीरला पाहुणे आहेत का?"

"नाही."

"भांडी घ्यायची?"

"नाही, असंच."

"असंच?" तो मागच्या सीटवरच्या माणसाकडे वळून म्हणाला, "ऐकलं का नाना, सोनगीरला असंच चालल्या ताई." सगळी बस हसली. मीही हसले, पण आतून चिडले. दर वेळी मनात तेच वाक्य, हाफ तर आहे, जाऊन येऊ. खोलीत एक तास सलग बसवत नव्हतं. बसलं की असोदा डोळ्यापुढे यायचं, आबा एकटे ताट घेऊन बसलेले दिसायचे, आणि मी चप्पल घालून खाली उतरायचे.

त्याच संध्याकाळी अक्कांचा फोन आला.

"पोरी, तुह्या आबांचं काय चाललंय काही कळत नी. दुपारचा डबा चार दिवस झाले तसाच परत येतो. दाराला कुलूप. संध्याकाळी येतात, जेवतात जरासं, झोपतात."

मी फोन ठेवला. लगेच आबांना लावला.

"कुठे होते दिवसभर?"

"वावरात."

"डबा का नाही खाल्ला?"

"केळी कापायले गाडी आली होती. मजुरांसंगं खाल्लं तिकडंच. तुह्यं काय? पुरतात का पैसे?"

"पुरतात."

"बरं," आबा म्हणाले.

ते 'बरं' रात्रभर टोचत राहिलं. केळीची कापणी एक दिवस चालेल, दोन दिवस चालेल, पण आमची बाग तर संक्रांतीआधीच कापून झाली होती. आबा माझ्याशी खोटं बोलत होते. आई गेल्यावर पहिले काही महिने ते असेच जेवण टाळून शेताच्या बांधावर बसून राहायचे, कोणाशी बोलायचे नाहीत. सकाळी मी सॅक भरली, लॉज सोडला आणि जळगावची बस धरली. गेली पैज खड्ड्यात. व्हिएतनाम कुठे पळून जातंय?

बस पारोळ्याला थांबली. लोक चहाला उतरले, मीही उतरले. आणि तिथे चहाचा कप हातात धरून मला रडूच यायला लागलं. चार डबे परत आले म्हणून मी सहाव्या दिवशी पळत घरी चालले, तर साठ दिवसांचं काय? आता गेले तर पुन्हा कधीच निघणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. आबा म्हणतील आली बरं झालं, मी म्हणेन हो बरं झालं, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत म्हातारे होऊ. अक्कांना फोन केला. म्हटलं, रात्री आबा जेवतात ना, ते तेवढं बघा, काही वाटलं तर लगेच कळवा. कंडक्टरने घंटी मारली. मी चढले नाही. समोर धुळ्याची बस उभी होती, तिच्यात चढले.

लॉजचा मॅनेजर म्हणाला, "पुणं लवकर आलं ताई."

उरलेले दिवस मी धुळ्यातच राहिले. हट्टाने. कुठेही जायचं नाही असं स्वतःला बजावलं. सकाळी लांबच लांब सरळ रस्त्यावरून चालत जायचं, पांझरेच्या काठी बसायचं, परत यायचं. पहिला दिवस भयंकर गेला, मांडीवर मुंग्या चढल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी खाणावळीतल्या बाई मी न सांगता भाकरी कडक भाजून द्यायला लागल्या. तिसऱ्या दिवशी चहावाल्याने विचारलं, "काल कुठं होत्या दुपारी?" खर्च तर काय, साडेसहाशेच्या वर जाईना. लांबची ट्रिप आखणाऱ्यांना मी आता एवढंच सांगेन की बजेट राहण्या-खाण्याने बुडत नाही, आपल्याला एका जागी बसवत नाही त्याने बुडतं. हे वाचायला सोपं आहे, करून बघा म्हणजे कळेल.

रोज रात्री आबांना फोन. रोज ते वावरातच. अक्का म्हणायच्या, कुलूपच, पण चेहरा तर बरा दिसतो बाई.

दहाव्या दिवशी परतीची बस. मोबाईलवर बेरीज केली. तिकिटं, चहा, रिक्षा, मोबाईलचा रिचार्ज सगळं धरून दहा दिवसांच्या सात हजारांतले दोनशे चाळीस रुपये उरले होते, सुमनबाईंची नोट न धरता. जिंकले! खिडकीबाहेर बघत मी एकटीच हसत होते. इतक्यात कंडक्टर आला. शेजारच्या गृहस्थांनी जळगाव म्हणून दोनशेची नोट दिली, थोडेसे सुटे परत घेतले. मीही जळगाव म्हणून शंभराची दिली, थोडेसे सुटे परत घेतले.

"बघा," ते गृहस्थ म्हणाले, "तीच सीट, तोच खड्डा, आणि आमचं फुल. तुमची मजा आहे ताई."

माझं हसू जागच्या जागी थिजलं. व्हिएतनाममध्ये कोण देणार आहे मला अर्धं तिकीट? दहा दिवस मी महाराष्ट्रातली बाई म्हणून फिरले होते आणि तोच आकडा साठ दिवसांना लावणार होते. सगळी तिकिटं मिळून सहाशेच्या वर गेली होती, म्हणजे खरा खर्च आणखी तेवढाच. दोनशे चाळीस गेले आणि वर मी खड्ड्यात. आणि भडगावचा फुकटचा दिवस धरला नव्हता तो वेगळाच. हरले. सरळसरळ हरले. पारोळ्याला परत फिरून, तीन दिवस दात-ओठ खात बसून राहून, हरले. ते गृहस्थ बिचारे विचारत होते, ताई काय झालं, पाणी देऊ का?

असोद्याला पोहोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. दाराला कुलूप. ओट्यावर सॅक टाकून बसले. थोड्या वेळाने जळगावकडून एसटी आली आणि तिच्यातून आबा उतरले. इस्त्रीचा पांढरा सदरा, टोपी, खांद्याला आईची भाजीची पिशवी. वावरात जाणारा माणूस असा दिसत नाही. मला बघून ते चोरी पकडल्यासारखे उभे राहिले.

"आबा, तुम्ही कुठून?"

"भडगाव."

"भडगावला काय होतं?"

"काही नी. असंच."

ओट्यावर माझ्या शेजारी बसले. चपला काढल्या. मग हळूहळू सांगायला लागले. "तू गेली त्या दिवशी घर खायले उठलं. डब्याचं झाकन उघडलं आन बंद केलं. दुसऱ्या दिवशी वरणगावची एसटी उभी दिसली, बसलो. तिथं फॅक्टरीतून रिटायर झालेला एक शाळेतला दोस्त भेटला. तिसऱ्या दिवशी भुसावळ. मग चोपडा. अमळनेर. भजी खाल्ली, शेवभाजी खाल्ली. अक्काच्या डाळीपेक्षा बरी." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून तिकिटांचा चुरगाळलेला गठ्ठा काढून माझ्या हातावर ठेवला. प्रत्येकावर रक्कम शून्य. पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट, आधार दाखवलं की झालं.

"माह्या प्रवासखर्च हा," आबा म्हणाले. "तुह्या किती?"

मी इतकी हसले की अक्का भिंतीवरून डोकावल्या. मग सगळं खरं सांगून टाकलं. अर्धं तिकीट, भडगावची शेवभाजी, पारोळ्याचं रडणं, सगळं. म्हटलं, हरले आबा, पुढच्या वर्षी बघू.

आबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "पुढच्या वर्षी कायले? तुले वाटलं मी पैशासाठी पैज लावली? तू गेल्यावर मी घरात राहू शकतो का, ते मले पाहायचं होतं. नी राहू शकत. पन घरात राहायचंच कशाले? तू जाय तिकडे."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

विमानाचं तिकीट काढायचं तेवढं उरलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी रविवार म्हणून मी उशिरा उठले. आबा सदरा घालून तयार. "एरंडोलची साडेआठची आहे. डबा अक्काकडं आहे, वेळेवर जेव," म्हणाले आणि गेले. दार आतून लावलं. लॅपटॉप उघडला, बंद केला. अंगणात गेले, आत आले. दुपारी अक्कांचा डबा उघडला आणि दोन घासांवर झाकण लावून ठेवला. घर एवढं शांत असतं हे मला तीन वर्षांत कधी कळलंच नव्हतं, कारण आबा शेतात असले तरी माझ्यासाठी घरातच असायचे. चार वाजल्यापासून मी ओट्यावर. एक एसटी आली, ते नव्हते. दुसरी आली, ते नव्हते. फोन लावला तर उचलला नाही. तिसऱ्या गाडीतून ते उतरले तेव्हा माझे डोळे भरून आले होते आणि राग एवढा आला होता की पहिलं वाक्य तोंडातून गेलं, "जेवला का?"

रात्री तिकीट काढलं. साठ दिवसांचे चाळीस केले, चार शहरांची दोन केली. आबांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणतील, माह्यासाठी नको कमी करू, मी कुठी घरी असतो?